धोंडशीर

आधी हात गरम कर, हत्तुरे मॅडम म्हणतात.
एप्रिलचं सोलापूर, बाहेर बेचाळीस,
ओपीडीतला पंखा उकाडाच ढवळतोय,
आणि माझी बोटं तरी गार.
आजवर परक्याच्या पायाला हात लावला
तो फक्त वाकून, डोकं टेकवायला.

मल्लय्या गुंडेटी, वय छप्पन,
अशोक चौकामागं टॉवेलचा कारखाना, चार माग, रातपाळी.
पाय मागं घेतात. ‘पोरी, राहू दे की गं,
घाण आहेत.’
धुऊन आलेत. टाचेच्या भेगांत
अजून पाणी आहे.

पालथं झोपवलं. पावलं खाटेबाहेर लोंबती.
‘चांगल्या पायापासून सुरू कर,’ मॅडम म्हणतात,
‘तो वाच. मग दुसरा कळेल.’

नडगी सोपी, कातड्याखाली थेट हाड.
तिथून बोटभर बाहेर सरकायचं
आणि म्हणायचं, काका, पाऊल वर ओढा.
ओढलं, तसा बोटाखाली स्नायू
झोपलेलं मांजर उठावं तसा उठला.
घोट्यापुढं दोरी ताठली. तिच्याशेजारी अंगठ्याची,
सुतळीएवढी.
बाहेरच्या घोट्यामागं दोघी एकीला एक चिकटून.
आतल्या घोट्यामागं तिघी,
आणि त्यांच्या गर्दीत ठोके,
दाबले तर हरवणारे, सोडले तर सापडणारे.
मी दोनदा हरवले.

पोटरीचे दोन गड्डे, आतला जरा खाली उतरलेला.
तीस वर्षं उभं राहून
दगड झालेत.
त्यांच्याखाली सगळं निमुळतं होत होत
टाचेला जाऊन बसतं. धोंडशीर.
पुस्तकात तिला परक्या देशातल्या कुणा वीराचं नाव आहे.
आमच्याकडं नुसता धोंडा.

मग डावा पाय.
‘कसं झालं?’
‘बीम ढकलत होतो. मागनं कुणीतर
धोटा फेकून मारल्यागत झालं.
वळून बघतोय तर
कुणीच नाही. मागपण बंद.’

टाचेपासून वर सरकते.
एक बोट. दोन बोटं. तिसऱ्याला
बोट आत जातं.
जिथं दोरी हवी, तिथं मऊ खड्डा.
मॅडम काही बोलत नाहीत.
मी पोटरी मुठीत धरून दाबते.
उजवं पाऊल मघाशी आपसूक हललं होतं.
हे हलत नाही.
पुन्हा दाबते. खिडकीत कबुतर फडफडतं, तेवढंच.

‘दुखतं का?’ मॅडम विचारतात.
‘नाही, नाही.’
मी खाली वाकून हळू विचारते,
नोप्पी उंदा?
उशीत तोंड खुपसलेलं. मग आवाज येतो:
उंदि.

‘तुटलीय ना?’
मी मॅडमकडं बघते.
‘त्यांच्याकडं कशाला बघते? मी रात्रीच चाचपली.
तीन हजार तारा असतात बीमवर,
एक गेली की बोटाला आधी कळतंय.
डोळ्याचं काम नाही ते.
गाठ बसते का, एवढंच सांगा.’
‘बसते,’ मॅडम म्हणतात. ‘शिवतात.’
‘किती खाडे?’

मॅडम महिने सांगतात.
ते बोटं मोजत नाहीत. पाऊल तेवढं
खाटेच्या कडेवर घासत राहतात, चांगलं पाऊल.

घरी आले तेव्हा आई आडवी झालेली.
हजार विड्या वळून दिलेल्या,
ओट्यात तंबाखूचा वास,
दिवसभर दुमडलेले पाय आता कुठं सरळ.
उद्या तोंडी परीक्षा. दिवा न लावता
मी तिच्या पायाशी बसले.
नडगी. बोटभर बाहेर. घोट्यामागं दोघी.
आत तिघी, मधे ठोके. या खेपेला हरवले नाहीत.
टाचेवरची ती शाबूत आहे का पाहिलं,
वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा वरपर्यंत.

डोळे न उघडता आई म्हणाली,
‘नुसतं काय चाचपतेस?
दाब की जरा.’